आधी दाखला की आधी शिकवणे?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेला रस्ता गाढी नदीच्या खोऱ्यात शिरतो, तिथे नेरे लागते. शहरापासून अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. गावात आगरी आणि कुणबी घरे, वर डोंगराच्या कुशीत ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आणि रस्त्याच्या कडेने उभ्या राहणाऱ्या इमारतींवर काम करायला परप्रांतातून आलेली कुटुंबे. अशा परिसरातल्या शाळेचा एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणला, तर त्या एका खोलीत चार-पाच तऱ्हेच्या बोली एकत्र बसलेल्या असतात. एखाद्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही. एखाद्या मुलीचा कान पावसाळाभर सर्दीने भरलेला असतो. कोणी वीटभट्टीवरून आईबापांबरोबर नुकतेच परतलेले असते. कोणाला गोष्ट तोंडपाठ असते, पण तीच पानावर वाचायला सांगितली की घाम फुटतो.

एवढ्या सगळ्यांसाठी शिकवण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते. धडा वाचायचा, फळ्यावर लिहायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे, घरी पाठ करायचे आणि परीक्षेत पुन्हा लिहायचे. या वाटेने ज्याला चालता येते तो हुशार. जो अडखळतो त्याच्याबद्दल ठरलेली वाक्ये तयार असतात : लक्ष नाही, घरी अभ्यास घेत नाहीत, डोक्यात शिरत नाही. एखादी जाणकार शिक्षिका असली तर ती पालकांना बोलावून सांगते, 'याला तपासून आणा, दाखला मिळाला तर सवलती मिळतील.'

सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. सवलतीही खऱ्याच आहेत. वाचन, लेखन किंवा गणितात विशिष्ट अडचण असलेल्या, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत अधिकृतपणे सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा त्या तरतुदी. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेलाही जागा दिली.

पण हा सगळा डोलारा दाखल्यावर उभा आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतो. त्याआधी बालरोगतज्ज्ञ पाहतात, बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या होतात. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. वैद्यकीय दृष्टीने यात गैर काही नाही, कारण घाईने मुलाच्या कपाळी शिक्का मारणे वाईटच. मात्र नेऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरून पाहिले की हीच वाट किती लांब होते ते कळते. अलिबाग किंवा मुंबई गाठायची, एकदा नव्हे तर तीन-चारदा. प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडवायची. मुलाची घरची बोली एक आणि चाचणीची भाषा दुसरी, त्यामुळे अडचण भाषेची की वाचनाची हे ठरवणे तज्ज्ञालाही कठीण. शिवाय पहिली-दुसरीची दोन वर्षे तर मोजायचीच नाहीत, कारण तोवर दाखला मिळतच नाही. आणि वाचनाचा पाया घातला जातो तो नेमका याच दोन वर्षांत.

आणखी एक गोष्ट. फळा न दिसणाऱ्या, कान भरलेल्या, भट्टीवरून परतलेल्या आणि बोली वेगळी असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना दाखला कधीच मिळणार नाही, कारण ती कुठल्याच यादीत बसत नाहीत. तरी त्यांची गळती तेवढीच खरी आहे. म्हणून प्रश्न असा उरतो की मदतीसाठी दाखल्याची वाट का पाहायची? मुलाला काय झाले आहे हे ठरेपर्यंत थांबण्यापेक्षा, धडाच असा का आखू नये की बहुतेकांना तो पहिल्याच दिवशी हाती लागेल?

हा विचार नेऱ्याला परका नाही. गावाजवळच कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात. हातापायाची संवेदना जाते, बोटे आखडतात. गरम भांडे धरले तरी चटका कळत नाही आणि जखम चिघळते. औषधाने रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. अशा माणसाला पुन्हा कामावर उभे करताना पुनर्वसनाच्या शास्त्राने काय केले? हत्याराची मूठ जाड केली, भांड्याच्या कानाला लाकूड बसवले, पायाला मऊ रबराच्या तळव्याची चप्पल दिली. हात बदलता येत नव्हता, मूठ बदलता येत होती. जाड मूठ संधिवात झालेल्या आजीलाही सोयीची पडते, हा वरचा फायदा.

इमारतींच्या जगात याच विचाराला 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव मिळाले. सर्वांसाठी रचना, असे मराठीत म्हणता येईल. हे नाव देणारे अमेरिकी वास्तुविशारद रॉन मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते चाकाच्या खुर्चीवरून फिरत. इमारत बांधून झाल्यावर मागच्या दाराला उतार जोडण्यापेक्षा मुख्य दारच सगळ्यांना जाता येईल असे बांधावे, हे त्यांचे म्हणणे. एसटीची उंच पायरी आठवली की मुद्दा लगेच पटतो. ती पायरी गुडघेदुखीच्या आजोबांना अडवते, गरोदर बाईला अडवते, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीवालीला अडवते. पायरी खाली आणली तर कोणाकडेही दाखला मागावा लागत नाही.

शिक्षणात हा विचार आणला तो १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या 'कास्ट' या संस्थेने. त्यांची मांडणी तीन साध्या सूत्रांत सांगता येते. मुलाला धड्यात गोडी वाटण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात. माहिती पोहोचवण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात. आणि मुलाला काय कळले हे दाखवण्याच्या वाटाही एकाहून अधिक असाव्यात. ध्येय एकच, वाटा अनेक.

हे कागदावर गोड दिसते. वर्गात कसे दिसेल? समजा, चौथीच्या वर्गात जलचक्र शिकवायचे आहे. नेहमीच्या रीतीने पुस्तकाचे पान वाचले जाते, फळ्यावर समुद्र, ढग आणि बाण काढले जातात, बाष्पीभवन आणि सांद्रीभवन हे दोन अवघड शब्द येतात, आकृती उतरवून घेतली जाते आणि खाली पाच प्रश्नोत्तरे.

आता हाच धडा वेगळा आखून पाहू. आधी ध्येय ठरवायचे : पाणी कुठे जाते आणि परत कसे येते, हे प्रत्येक मुलाला आपल्या परिसरातल्या उदाहरणाने सांगता आले पाहिजे. ध्येयात सुंदर अक्षराचा किंवा पाठांतराचा उल्लेख नाही, हे लक्षात ठेवायचे. मग सुरुवात प्रश्नाने करायची. वरच्या अंगाचे देहरंग धरण उन्हाळ्यात आटते, ते पाणी जाते कुठे? या प्रश्नावर वाडीवरच्या मुलाकडे पुस्तकापेक्षा जास्त माहिती असते. एरवी शेवटच्या ओळीत बसणारा तो मुलगा इथे पहिला बोलतो. मग पाटीवर ओला पंजा उमटवायचा आणि तो विरताना सगळ्यांनी पाहायचा. गरम पाण्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून, उचलून, खालचे थेंब दाखवायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरात तीनच शब्द, प्रत्येकासमोर छोटे चित्र आणि त्याच्या शेजारी मुलांनी सांगितलेला घरच्या बोलीतला शब्द. लिहिताना फळ्याशी बोलायचे नाही. आधी लिहायचे, मग वळून मुलांकडे तोंड करून बोलायचे, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला ओठांची मदत होते. आकृती पूर्ण उतरवायला लावण्याऐवजी अर्धी काढून द्यायची आणि बाण मुलांनी भरायचे. शेवटी प्रत्येकाने जलचक्र समजावून द्यायचे : कोणी तोंडी सांगेल, कोणी चित्र काढून नावे घालेल, कोणी जमिनीवर खडे मांडून दाखवेल, कोणी पाच ओळी लिहील. शिक्षकाची फूटपट्टी मात्र सगळ्यांना तीच. पाणी वर कसे गेले, ढग कसा झाला, परत कसे आले, हे तिन्ही मुद्दे आले पाहिजेत.

भट्टीवरून परतलेल्या मुलासाठी आणखी एक सोय लागते. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जवळजवळ अख्खे शाळेचे वर्ष त्यांच्या हातून निसटते. धडा जर साखळीच्या कड्यांसारखा असेल, तर मधल्या कड्या तुटलेल्या मुलाला पुढे काहीच धरता येत नाही. भिंतीवर 'आपण काय शिकलो' असा चित्रांचा तक्ता असेल आणि प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या उजळणीची असतील, तर त्याला शिरायला दार राहते. ताप येऊन आठवडाभर घरी राहिलेल्या मुलीलाही तेच दार उपयोगी पडते.

या सगळ्याचा खर्च किती? खडू, पाणी, पातेले आणि झाकण.

यामागे शरीरशास्त्र आहे, नुसती सदिच्छा नाही. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातले काम करताना डोक्यात धरून ठेवायची जागा, फार लहान असते. प्रौढ माणूसही एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी तिथे धरू शकतो आणि मुलाची जागा त्याहून लहान. 'वही काढा, तारीख घाला, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न वाचा आणि उत्तर पेन्सिलीने लिहा' अशी एका दमात दिलेली सूचना अनेक मुलांच्या डोक्यातून तिसऱ्या पायरीलाच सांडते. आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो. तीच सूचना फळ्यावर टप्प्याटप्प्याने राहिली, तर डोक्यातली जागा विचारासाठी मोकळी होते.

ऐकण्याचेही तसेच. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता मुलांमध्ये किशोरवयापर्यंत विकसित होत असते. मोठ्या माणसाला अर्धा शब्द ऐकला तरी उरलेला अंदाजाने भरता येतो. मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो आणि घरची बोली वेगळी असेल तर मुळीच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा, असे म्हटले आहे. कोकणातला जुलैचा पाऊस पत्र्याच्या छतावर कोसळत असताना काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अशा दिवसांत तोंडी समजावणीचा धडा न घेता पाहण्या-करण्याचा धडा घेणे, ही साधी सोय म्हणजेच रचना.

वाचनाच्या बाबतीत देवनागरीचे स्वतःचे गणित आहे. मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे आणि मागे चारही बाजूंना लागतात. 'कि' मधली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. त्यात जोडाक्षरांची भर. सगळी बाराखडी आणि जोडाक्षरे सराईत व्हायला सामान्य मुलालाही काही वर्षे लागतात. त्या काळात विज्ञान, परिसर, इतिहास हे सगळे विषय फक्त वाचनाच्या दारातून आत घेतले, तर वाचनात अडलेले मूल सगळ्याच विषयांत 'ढ' ठरते. त्याला वाचन शिकवलेच पाहिजे, पण तोवर पाण्याचे, पिकांचे, शरीराचे ज्ञान दाराबाहेर ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

इथे एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. काही मुले 'पाहून शिकणारी', काही 'ऐकून शिकणारी', काही 'करून शिकणारी' असतात आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवावे, असे अनेक प्रशिक्षणांत अजूनही सांगितले जाते. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने या दाव्यामागचे संशोधन तपासले, तेव्हा त्याला पुरेसा आधार आढळला नाही. सर्वांसाठी रचना म्हणजे मुलांवर अशी लेबले चिकटवणे नव्हे. ओला पंजा विरताना पाहणे, त्याबद्दल बोलणे आणि चित्र काढणे या तिन्हींचा फायदा बहुतेक सगळ्यांनाच होतो, म्हणून तिन्ही सगळ्यांसमोर ठेवायचे.

आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. पहिला दर्जाचा. तोंडी उत्तर चालवून घेतले तर मुले लिहायला कधी शिकणार? याचे उत्तर ध्येय स्पष्ट ठेवण्यात आहे. जलचक्र तपासताना लेखन हे साधन आहे, ते बदलता येते. निबंध तपासताना लेखन हेच ध्येय आहे, तिथे ते बदलता येत नाही. हा फरक शिक्षकाने केला नाही तर सोयीची सवलत होते आणि सवलतीची ढिलाई होते.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. या चौकटीतल्या अनेक सुट्या गोष्टी, म्हणजे टप्प्याटप्प्याने मांडणी, चित्र आणि शब्द एकत्र देणे, वारंवार आठवून पाहणे, संशोधनात भक्कम ठरल्या आहेत. पण संपूर्ण चौकट राबवल्याने मुलांचे गुण किती वाढतात, याचा पुरावा अजून मिश्र आहे. त्यामुळे तिला मंत्र मानू नये. शाळेने करून पाहावे, कोणाला कळले आणि कोणाला नाही हे नोंदवावे आणि बदलावे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो सगळ्यांत जड. दोन इयत्ता एका खोलीत, माहितीचे तक्ते भरायचे, सर्वेक्षणाला जायचे, त्यात प्रत्येक धडा नव्याने कसा आखणार? शिक्षण हक्क कायदा प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो, पण जिथे पट कमी तिथे दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता येतात. म्हणून हे ओझे एकट्या शिक्षकाच्या गळ्यात अडकवणे अन्यायाचे ठरेल. पाठ्यपुस्तकातच एका धड्याच्या दोन-तीन वाटा छापून आल्या, केंद्रातल्या शाळांनी आखलेले धडे एकमेकांना दिले आणि वर्षाला दहा धडे जरी नीट बसवले, तरी पाच वर्षांत मोठा साठा उभा राहतो.

चौथी भीती आक्षेपापेक्षा मोठी आहे. 'आता सगळ्यांसाठी धडा आहेच, मग विशेष शिक्षक कशाला?' असे म्हणून सरकारने हात झटकले तर? कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा लागतेच. अंध मुलाला ब्रेल लागतेच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची नेटकी, सरावाची शिकवणी स्वतंत्रपणे लागतेच. चांगल्या रचनेमुळे विशेष शिक्षकाकडे येणारी रांग कमी होते आणि ज्याला खरी गरज आहे त्याला तो जास्त वेळ देऊ शकतो. दाखलाही रद्द करायचा नाही. परीक्षेत आणि पुढे नोकरीत तो हक्काचा कागद आहे. फक्त वर्गातल्या मदतीचे कुलूप त्या कागदाने उघडायला नको. कायद्याची दिशाही तीच आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये मुलांमधली अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते उपाय करण्याचे कर्तव्य शैक्षणिक संस्थांवर टाकले आहे.

महाराष्ट्राला हे कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. मुले बालवाडीत येईनात. त्यांनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली आणि तिचे नाव झाले अंगणवाडी. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली आणि तिचे नाव झाले कुरणशाळा. शिकवायला शंखशिंपले, बिया, खडे, पाने. अंगणवाडी हे नाव पुढे देशभर पोहोचले. त्यामागचा विचार मात्र पहिलीच्या वर्गाच्या उंबरठ्यावर अडला.

तो आत आणायला काय लागेल? शाळा सुरू होताच प्रत्येक मुलाचे डोळे आणि कान तपासले जावेत आणि चष्मा किंवा औषध महिन्याच्या आत हातात पडावे. आरोग्य खात्याची शालेय तपासणी आहे, तिचा निकाल वर्गशिक्षकापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे कोणाला पुढे बसवायचे हे तरी कळेल. दाखल्याच्या तपासणीची शिबिरे तालुक्याला भरावीत आणि ती मुलाच्या भाषेत व्हावीत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची चाचणी तयार केली आहे, ती शाळेपर्यंत यावी. पत्र्याच्या छताखाली आवाज शोषणारे अस्तर बसावे. आणि शिक्षक प्रशिक्षणात भाषणे कमी करून जलचक्रासारखा एकेक धडा हाताने आखून पाहण्याला वेळ मिळावा.

पालकांनाही एक काम आहे. मुलाला किती गुण मिळाले एवढे विचारून न थांबता, त्याला काय कळले हे शाळेत कसे पाहिले, असे विचारावे. शाळेकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, तर दाखल्याची वाट पाहणाऱ्या आणि दाखला कधीच न मिळणाऱ्या मुलांचीही सोय झालेली असेल.

पुढच्या जूनमध्ये पाऊस पत्र्यावर वाजू लागेल, भट्टीवरून परतलेले एखादे मूल वर्गाच्या दारात उभे राहील आणि आत जलचक्र चालू असेल. त्याच्याकडे कागद नसेल. धरण आटताना त्याने पाहिलेले असेल. त्याला ते सांगण्याची जागा त्या धड्यात ठेवलेली असावी.